न झालेल्या अपघाताचा प्रथमोपचार

खंडेराव विधाते याने ललितचा जीव वाचवला. सातपूरच्या एका बादल्यांच्या कारखान्यात, खंडेनवमीच्या दुपारी, दोन्ही पाळ्यांच्या देखत. हे एकदा सांगून झालं. आता तसं काही घडलंच नाही असं धरून पुढे जायचं, कारण कारखान्याने तसं धरलेलं आहे, आणि कारखान्याने एखादी गोष्ट धरली की ती वेल्डिंगपेक्षा पक्की बसते.

तर काहीही घडलेलं नसताना, श्रावणातल्या एका सकाळी, खंडेराव प्रेस मशीनशेजारी उभा राहून केरूच्या अंगठ्याकडे मोठ्या आशेने बघत होता.

“दाखव,” तो म्हणाला.

“काय दाखवू? काय झालं नाय.” केरू हरसूलकडचा. प्रेसवर उभं राहून त्याचे केस पांढरे झाले होते, बोटं मात्र जितकी घेऊन आला होता तितकीच होती.

“लाल दिसतंय.”

“गंज हाय तो, खंडूभाऊ.”

“गंजातनंच धनुर्वात होतो.”

“जखम असली तर होतो ना. जखम कुठं हाय?”

“तेच बघू दे.”

खंडेरावने भिंतीवरची प्रथमोपचाराची पेटी उघडली, साबणाने हात धुतले, कापसाचा बोळा घेतला आणि केरूचा अंगठा हलक्या हाताने पुसला. कापूस तांबडा झाला आणि अंगठा स्वच्छ. जखम नव्हती. केरूला मनापासून वाईट वाटलं. “उद्या बघू,” तो समजूत काढत म्हणाला आणि कामाला लागला.

त्या वर्षातला खंडेरावचा हा सगळ्यात मोठा उपचार होता.

खंडेराव मूळचा मखमलाबादचा. भाऊ अजून तिथे झेंडू आणि कोबी काढतात. हा एकटा कारखान्यात आला आणि पहिल्या पाळीचा प्रथमोपचारक झाला. कंपनीने त्याला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिकडून तो प्रमाणपत्र, खिशाला लावायचा बिल्ला आणि थोडी बदललेली चाल घेऊन परत आला. रक्त कसं थांबवायचं, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, शॉक बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच कसा पाडायचा, सगळं त्याला येत होतं. अडचण एकच होती. त्याच्या पाळीत कोणाला काही होत नव्हतं.

होणार कसं? सांडलेल्या तेलावर हा सगळ्यांच्या आधी भुसा टाकायचा. प्रेसचं गार्ड काढून काम करणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहायचा आणि तो ओशाळून गार्ड लावेपर्यंत हलायचा नाही. चपला घालून आलेल्याला गेटवरून परत पाठवायचा. लोंबत्या बाहीचा शर्ट घालून आलेल्या एकाच्या बाह्या याने स्वतः कात्रीने कापल्या होत्या. सगळं जिथल्या तिथे ठेवून झालं की मग पेटीशेजारी उभा राहून आता कोण पडतंय याची वाट बघायचा.

दुसऱ्या पाळीत मात्र सुकाळ होता. तिथला प्रथमोपचारक ललित. वयाने लहान, दिसायला बरा, गार्डबिर्डच्या भानगडीत फारसा न पडणारा. त्याच्या पाळीत माणसं घसरायची, कापून घ्यायची, भाजून घ्यायची आणि ललित त्यांना बरं करायचा. एकदा तर सुपरवायझरच्या घशात कँटीनचं भजं अडकलं. ललितने पाठीत असे रट्टे घातले की भजं बाहेर येऊन समोरच्याच्या डब्यात पडलं, आणि सगळ्या विभागाने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ललितला कोणी नावाने हाक मारेना. डॉक्टर म्हणायला लागले. खंडेराव त्या दिवशी नुकताच सायकल काढून गेटबाहेर पडला होता. तेच भजं थोडं लवकर तळून निघालं असतं तर, हा विचार त्याला कित्येक महिने जेवू देत नव्हता.

खंडेरावला ललितचा हेवा वाटायचा असं म्हणणं म्हणजे नाशिकला उन्हाळ्यात जरा गरम होतं असं म्हणण्यासारखं आहे. आदल्या संध्याकाळी कोण जखमी झालं हे तो रोज सकाळी विचारायचा, आणि कोणी नाही असं कळलं तर त्याला चहा गोड लागायचा.

हात राहावा म्हणून तो घरी सराव करायचा. मखमलाबादहून आलेल्या दुधी भोपळ्यांना पट्ट्या बांधायचा. भोपळे संपले की बायकोला, प्रतिभाला बांधायचा. प्रतिभाने हे काही वर्षं सहन केलं. मग एका संध्याकाळी ती जेवायला वाढत असताना त्याला तिच्या बोटाला पट्टी दिसली. लहानशी, पांढरी, नेटकी.

“हे काय?”

“तव्याचा चटका बसला.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही अख्खा हात गळ्यात अडकवला असता. मागं मी नुसतं चक्कर आल्यासारखं होतंय म्हटलं, तर मला जमिनीवर निजवून पाय उशांवर ठेवलेत. दूध उतू गेलं सगळं.”

“चक्कर आली की तसंच करायचं असतं.”

“आधी गॅस बंद करायचा असतो.”

खंडेरावने भाकरीचा तुकडा मोडला. “बांधली कोणी?”

प्रतिभाने गरज नसताना आणखी आमटी वाढली. “वैष्णवीकडं विरजण मागायला गेले होते. ललित भाऊजी घरी होते.”

ललित त्याच ओळीत चार दारं सोडून राहायचा. वैष्णवी त्याची बायको.

“पाण्याखाली धरलं का बोट?”

“धरलं.”

“चांगला वेळ?”

“आग थांबेपर्यंत. पेस्ट लावू का म्हटलं तर नको म्हणाले.”

“तूप?”

“तेही नको म्हणाले.”

सगळंच बरोबर होतं. खंडेरावने चूक शोधायला बोट जवळून बघायला मागितलं. प्रतिभाने मूठ मिटली. “गाठ कुठली मारली आहे?” त्याने विचारलं.

“गाठ म्हणजे गाठ. सुटत नाहीये, एवढं खरं.”

दुसरा एखादा नवरा परक्याने बायकोचा हात धरला म्हणून भडकला असता. हात धरल्याचं खंडेरावला काहीच वाटलं नाही. पट्टी बांधल्याचं वाटलं.

“अहो,” प्रतिभा म्हणाली, “तुमच्या पाळीत कोणाला काही होत नाही, ते तुम्ही डोळ्यात तेल घालून उभे असता म्हणून. कौतुकच आहे ते.”

“कोण करतं कौतुक?”

“आत्ता मी केलं ना.”

“तू पट्टी त्याच्याकडून बांधून घेतलीस,” खंडेराव म्हणाला आणि हात धुवायला उठला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात काम नसतं, पूजा असते. मशिनं धुऊनपुसून त्यांना हळदीकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात आणि प्रत्येक जण आपापलं हत्यार पूजेत मांडतो. दोन्ही पाळ्या एकत्र जमतात. खंडेराव भल्या पहाटेच शेतावर जाऊन सायकलच्या कॅरियरला झेंडूचं पोतं बांधून आला होता. केरूने मधोमध चौरंग ठेवला, त्यावर कोरं लाल कापड अंथरलं, तांदळाच्या राशीवर सुपारीचा गणपती बसवला, कलश मांडला. पूजा दर वर्षी केरूच सांगायचा. त्याला संस्कृत येत नव्हतं, पण आवाज होता.

चौरंगावर केरूचा हातोडा आला, फिटरचा पाना आला, कँटीनवाल्याचा झारा आला. ललितने भिंतीवरून प्रथमोपचाराची पेटी उतरवली, नुसतं कुंकवाचं बोट लावलं आणि परत टांगायला निघाला.

“ती इकडं आण,” खंडेराव म्हणाला. पेटी दोघांची मिळून एकच होती, आणि कोणाच्या हाताने ती पूजेत जाते हा प्रश्न खंडेरावच्या मते किरकोळ नव्हता. त्याने ती जवळजवळ हिसकावूनच घेतली, चौरंगाच्या मधोमध ठेवली, तिला आडवे-उभे चार पदरी हार गुंडाळले, कुलूप लावलं आणि किल्ली सुपारीच्या गणपतीखाली सरकवली.

“खंडूभाऊ, पेटी बाहेर राहू द्या की,” ललित म्हणाला. “एवढी माणसं जमलीत. लागली तर?”

“माझ्यासमोर लागत नाही कोणाला.”

“पूजेतलं उद्या सीमोल्लंघन होईस्तवर हलवायचं नाय,” केरूने जाहीर केलं, आणि विषय धर्माकडे गेल्यामुळे संपला.

आरती झाली. आता मशिनागणिक एक नारळ फोडायचा होता. त्यासाठी दारात दगड ठेवलेला असतो, पण ललितने शेतावरून आलेला खंडेरावचा कोयता उचलला. नारळ डाव्या तळहातावर धरायचा, उजव्याने कोयत्याचा एकच घाव घालायचा आणि दोन वाट्या करून दाखवायच्या, ही त्याची दर वर्षीची करामत होती. त्याच्या पाळीतली पोरं आधीच टाळ्यांच्या तयारीत उभी होती.

खंडेरावने बघितलं. कोयता सकाळीच पाजळलेला होता. ललितच्या तळहाताला तेल होतं, समईचं. असं काही दिसलं की ओरडायचं हे त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं की एरवी तो झोपेतही ओरडला असता. पण समोर ललित होता. कापेल जरासं, खंडेरावच्या मनात आलं. जरासंच. आपण बांधू.

त्याने तोंड उघडलं नाही.

पहिला नारळ फुटला, टाळ्या झाल्या. दुसरा तळहातावर फिरला आणि कोयता मनगटाच्या वर हातात घुसला.

जरासं नव्हतं. रक्त उसळ्या मारत येत होतं. ललितने स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखं बघितलं आणि मटकन खाली बसला. मग सगळे एकदम वैद्य झाले. केरू पूजेच्या ताटातली हळद मुठीत घेऊन धावला. कोणी पाणी पाजा म्हणालं, कोणी दंडाला तार आवळा म्हणालं. लासलगावचा एक जण होता, त्याने कांदा सुचवला.

“बाजूला व्हा,” खंडेराव म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण त्याने तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. “केरू, हळद ठेव. पाणी नको. एक जण शेवाळेसाहेबांची गाडी बोलवा.”

त्याने ललितला आडवं केलं, त्याचा हात वर उचलला आणि जखमेवर दोन्ही पंजे दाबून धरले. बोटांच्या फटीतून रक्त येत राहिलं. त्याने आणखी जोर लावला. ललितचे पाय फिटरच्या मांडीवर ठेवायला लावले. आता कापड हवं होतं. पेटी समोरच होती, चार पदरी हारांत, कुलपात, किल्ली गणपतीखाली. विभागात चिंध्या ढीगभर होत्या, पण सगळ्या ग्रीसने माखलेल्या. ज्याला काहीही लागलेलं नाही असं कापड तिथे एकच होतं.

“केरू, चौरंगावरचं लाल कापड ओढ.”

“पूजा मोडंल, खंडूभाऊ.”

“मोडू दे.”

“आरती झालीया आत्ताच.”

“केरू.”

केरूने आधी कलशाला नमस्कार केला. मग डोळे मिटून कापड ओढलं. कलश, तांदूळ, हातोडा, पाना, झारा, पेटी, सगळं खणखणत फरशीवर आलं. सुपारीचा गणपती एका बाजूला गेला आणि किल्ली घरंगळत प्रेसखाली, आणि ती बघायला कोणी वाकलं नाही. खंडेरावने कापडाची जाड घडी करून जखमेवर दाबली आणि वरून उरलेली पट्टी आवळायला घेतली.

“खंडूभाऊ,” ललित खालून क्षीण आवाजात म्हणाला, “दाब कमी पडतोय.”

“गप पड.”

“भिजलं तर काढू नका ते. वरून दुसरं...”

“मला शिकवू नकोस. मी तुझ्या आधीच्या बॅचचा आहे.”

ललित हसला की कण्हला ते कळलं नाही. खंडेराव बांधत होता. भोपळ्याला कधी नाडी नसते. इथे ती होती, बोटांखाली, पळत सुटलेली, आणि हळूहळू तिचं उसळणं त्याच्या हाताखाली दबत गेलं. रक्त थांबलं. त्याने नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी झालं. त्या क्षणी त्याच्या मनात ललितबद्दल काहीही नव्हतं. हेवा नाही, माया नाही. एक हात होता आणि तो नीट बांधला गेला होता.

तेवढ्यात शेवाळेसाहेब आले. ते कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, पूजेचा नवा सफारी घातलेले. दारातच त्यांनी आधी भिंतीवरच्या फलकाकडे पाहिलं. ‘अपघाताविना दिवस’ असं त्यावर लिहिलेलं असायचं आणि खाली खडूचा आकडा, जो वर्षभर वाढत आलेला होता; दुसऱ्या पाळीतलं घसरणं-भाजणं तिथवर कधी पोचलंच नव्हतं. वर्षअखेरीस शून्य अपघातासाठी एक ढाल मिळते. साहेबांनी तिच्यासाठी केबिनमध्ये खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. मग त्यांनी ललितकडे पाहिलं.

“हे घरी झालंय,” ते म्हणाले.

“कोणाच्या?” ललितने डोळे न उघडता विचारलं.

“तुझ्या.”

ललितला दिवाळीत सुपरवायझर करणार होते. तो जास्त काही बोलला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडण्याआधी विचारलं, “ही कोणी बांधली?” शेवाळेसाहेब शेजारीच होते. घरी झालं म्हटल्यावर घरातलंच माणूस हवं. “याच्या मिसेसनी,” ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, बाईंनी जीव वाचवला याचा. असं बांधलेलं मी नर्सकडूनसुद्धा क्वचित बघतो.

ही सगळी हकीकत साहेबांनी दसऱ्यानंतर खंडेरावला स्वतः सांगितली, कौतुकाने, खांद्यावर हात ठेवून.

“साहेब, ती मी बांधली होती.”

“मला माहीत नाही का? पण तुझं नाव घ्यायचं म्हणजे अपघात घ्यावा लागेल.”

“छोटा म्हणून घ्या.”

“अरे, छोटासुद्धा शून्याच्या वरच असतो.”

“सगळ्यांनी बघितलंय, साहेब.”

“कोणी बघितलं? विभाग बारालाच बंद झाला होता. तू घरी होतास. जेवून झोपला होतास.”

“कापडाला रक्त लागलंय.”

“लाल कापडाला,” शेवाळेसाहेब म्हणाले, आणि चहा मागवला.

ललितला बघायला सगळा कारखाना लोटला. मोसंब्यांचा ढीग खाटेखाली मावेना. खंडेराव आणि प्रतिभाही गेले. हात उशीवर ठेवून ललित एखाद्या संस्थानिकासारखा पडला होता आणि येईल त्याला सांगत होता, “वैष्णवी होती म्हणून वाचलो.” खंडेराव समोर बसलेला असतानाही त्याने ते सांगितलं, फक्त त्या वेळी तो खिडकीकडे बघत होता. वैष्णवीने चहा आणला. कप बशीत वाजत होते. वैष्णवीला मटणाच्या दुकानावरून जाताना पदर डोळ्यांवर घ्यावा लागतो, हे साऱ्या ओळीला माहीत होतं.

खंडेरावला आता जखमेचाही हेवा वाटायला लागला. वाचवायचा मान नाही मिळाला, निदान कापला तरी गेलो असतो. कापलेल्याला मोसंबी तरी मिळतात.

“तुम्ही बोलला का नाहीत तिथं?” घरी येताना प्रतिभाने विचारलं. त्याच्या बाह्यांवरचं रक्त तिनेच धुतलं होतं, थंड पाण्यात, मीठ लावून. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

“काय बोलू? मी झोपलो होतो.”

घरी पोचल्यावर प्रतिभा कुलूप काढताना म्हणाली, “त्यांना कापलं तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

“समोरच.”

“आणि ओरडला नाहीत?”

खंडेराव चपला काढत होता. त्या काढायला त्याला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह असतो. ढाल आली होती, खिळ्यावर बसली होती. मांडव घातला, कामगारांना बायकापोरांसह बोलावलं. दवाखान्यातले तेच डॉक्टर प्रमुख पाहुणे होते. ‘घरात आणि कामावर घ्यायची काळजी’ या विषयावर ते चांगलं बोलले. फिनेल शीतपेयाच्या बाटलीत भरू नका, भाजल्यावर शाई लावू नका, गॅसचा वास आला तर दिवा लावू नका आणि बंदही करू नका. आणि मग म्हणाले की या सगळ्याचं जिवंत उदाहरण आपल्यात बसलेलं आहे. वैष्णवीचं नाव पुकारलं. मोरपंखी साडीत ती वर गेली, तेव्हा तिला कुकर देण्यात आला.

कुकर देऊन थांबायला हवं होतं. पण डॉक्टर उत्साही होते. “ताई, एकदा सगळ्यांना करून दाखवा. कोणी तरी वर या.”

वैष्णवीचा चेहरा कुकरच्या झाकणासारखा पांढरा पडला.

“आमचे खंडेराव येतील,” शेवाळेसाहेब माइकवर म्हणाले. “प्रथमोपचारक आहेत. त्यांनाही शिकायला मिळेल.”

खंडेराव स्टेजवर जाऊन खुर्चीत बसला, बाही वर केली आणि हात पुढे केला. त्याला वाटलं होतं, आता मजा येईल. हिला काही येत नाही हे सगळ्यांना दिसेल, डॉक्टरांना दिसेल. आपण नुसतं बसून राहायचं. वैष्णवीने पट्टीची गुंडाळी उचलली. ती तिच्या हातून सुटली आणि स्टेजभर उलगडत गेली. पुढच्या रांगेत कोणी तरी हसलं.

वैष्णवी वाकून पट्टी गोळा करत त्याच्या गुडघ्याशी आली. “भाऊजी, कुठून सुरू करू?” तिने ओठ न हलवता विचारलं.

खंडेराव गप्प बसला. पूर्ण एक श्वास गप्प बसला. मग हळूच म्हणाला, “मनगटाकडून. वर वर न्यायची. आधीचा अर्धा पदर झाकत.”

ती गुंडाळू लागली. “घट्ट झाली तर?”

“नख दाबून सोड. रंग परत आला म्हणजे बरोबर.”

तिने नख दाबलं, सोडलं. रंग आला. त्या रंगाकडे बघतच, मान खाली ठेवून, ती म्हणाली, “यांनी मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलंय. रोज दिवा लावताना तुमचं नाव घेते, भाऊजी. मोठ्यानं घेता येत नाही.”

माइक लांब होता. कोणाला काही ऐकू गेलं नाही.

“गाठ बाजूला घे. जखमेवर नको,” खंडेराव म्हणाला.

तिने गाठ मारली. टाळ्या पडल्या. आता आपला हेवा जाईल, असं खंडेरावला वाटलं. अशा वेळी तो जात असावा. तो थोडा थांबला, पण गेला नाही. समोर पहिल्या रांगेत ललित उठून टाळ्या वाजवत होता. त्याचा डावा पंजा अजून पुरता उघडत नव्हता, त्यामुळे त्याच्या टाळीला आवाज नव्हता. मागच्या रांगेत प्रतिभा बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नवऱ्याकडे बघत होती.

खंडेराव ती पट्टी हातावर तशीच ठेवून घरी गेला, आणि कोणी विचारलं तर काही झालं नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने शेवाळेसाहेबांच्या केबिनमध्ये एक अर्ज दिला. साहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि ज्या अर्जांचं काही करायचं नसतं ते जिथे ठेवतात तिथे ठेवला. अर्ज असा होता:

“प्रति, मा. व्यवस्थापक यांस. विषय: अपघात झाला असल्याबाबत. महोदय, मी पहिल्या पाळीचा प्रथमोपचारक असून गत खंडेनवमीस आपल्या विभागात जो अपघात झालेला नाही, त्यासंबंधी हा अर्ज करीत आहे. फलकावरील आकडा बदलावा अशी माझी मागणी नाही. ढाल परत करू नये. श्रीमती वैष्णवीताई यांस दिलेला कुकर त्यांच्याकडेच असावा, तो त्यांच्या उपयोगाचा आहे. मला कोणतेही बक्षीस अथवा प्रमाणपत्र नको. सदर दुपारी कोयता पाजळलेला होता व हातास तेल होते, हे मला दिसले होते, त्यावरून मी जागा होतो हे सिद्ध होते. तरी मी त्या वेळी घरी झोपलेलो नव्हतो, एवढेच कार्यालयाने एकदा मान्य करावे, ही नम्र विनंती.”